दीडशे डॉलरची काठी

मासे धरायच्या काठीला दीडशे डॉलर द्यावेत का, या प्रश्नाचा गेल्या वसंत ऋतूत आमच्या घरात तीन आठवडे काथ्याकूट चालला होता. वादाला पक्ष तीन. पहिला पक्ष चिरंजीवांचा. वय वर्षे तेरा, आणि हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या दारातले बर्फ उपसून, बर्फ सरल्यावर त्यांचेच गवत कापून साठवलेले १६० डॉलर गाठीला. दुसरा पक्ष माझ्या वडिलांचा. नाना मालवणहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. खाडीच्या धक्क्यावर बसून, बोटाला तंगूस गुंडाळून मासे गरवण्यात त्यांची हयात गेली. काठी ही वस्तूच त्यांना अनावश्यक वाटते. तिसरा पक्ष आमच्या 'ह्यां'चा. हे पुण्याचे, पिढीजात शाकाहारी. काठी कितीलाही पडो, मासा घरात येता कामा नये, एवढाच त्यांचा मुद्दा.

निकाल द्यायचा होता मी. मालवणात वाढल्यामुळे गरी आणि आमिष मला ठाऊक, पण दुकानातल्या त्या शंभर काळ्या काठ्यांसमोर मी पुरती निरक्षर होते. मग वाचले, विचारले, दुकाने पालथी घातली. त्यातून जे हाती लागले ते मला मासेमारीपेक्षाही वस्तूंच्या किमतीविषयी अधिक शिकवून गेले, म्हणून हा प्रपंच.

आधी मासा. जिताड्याला इंग्रजीत 'एशियन सी-बास' म्हणतात खरे, पण अमेरिकेतल्या बासशी त्याचे नातेगोते काही नाही. हा बास गोड्या पाण्यातला, 'सनफिश' कुळातला. त्यात मुख्य दोन भावंडे: मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ आणि लहान तोंडाचा स्मॉलमाउथ. या मंडळींचे शास्त्रीय नाव मोठे गमतीचे आहे. १८०२ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लासेपेद याच्याकडे स्मॉलमाउथचा एक नमुना पोचला. त्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता आणि मागचे काही काटे सुटे झाले होते. तो तुकडा म्हणजे वेगळा छोटा पर आहे असे समजून लासेपेदने नाव ठेवले 'मायक्रोप्टेरस', म्हणजे आखूड पराचा. पुढे जोडले 'डोलोमिउ', आपल्या भूगर्भशास्त्रज्ञ मित्राचे नाव. डोलोमाइट दगडही त्याच्याच नावाचा. एका फाटक्या पराने पडलेले नाव दोनशे वर्षे चालू आहे!

या माशाचे अमेरिकेला वेड आहे. जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ धरला. मंदीचे दिवस होते, घरच्यांनी तो खाऊन टाकला. त्या विक्रमाला बरोबरी साधणारा निघाला तो थेट २००९ साली, आणि तोही जपानात: बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांचा मासा. वजनात अंशभर जास्तच होता, पण विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, त्यामुळे दोघे बरोबरीत राहिले. जपानात बास १९२५ साली हाकोनेच्या आशी सरोवरात हौसेने आणून सोडला होता. पुढे त्याने तिथल्या मूळ माशांचा असा फडशा पाडला, की २००५ साली त्याची गणना उपद्रवी परक्या जीवांत झाली. बिवात तर धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. एका देशात सोडणे हा संस्कार, दुसऱ्यात तोच गुन्हा. हा विरोधाभास ह्यांना ऐकवला, तेव्हा ते दोन दिवस गप्प होते.

अमेरिकेत 'धरा आणि सोडा' हा रिवाज रुजवला तो प्रामुख्याने रे स्कॉट या अलाबामाच्या विमाविक्रेत्याने. १९६७ साली आर्कन्सॉतल्या बीव्हर लेकवर त्याने बास धरण्याची स्पर्धा भरवली, संघटना काढली आणि १९७२ पासून धरलेला मासा मारू नका अशी मोहीम चालवली. २०२२ साली तो वारला. स्पर्धेने खेळ वाढवला, सोडण्याने मासे टिकवले; पण त्यातून एक तिसरीच गोष्ट घडली. मासे हुशार झाले. निदान बिचकू लागले. ज्या तळ्यावर रोज पन्नास जण चमचमती, खुळखुळणारी आमिषे फेकतात, तिथला बास पुढे पुढे त्या आमिषाकडे ढुंकून पाहीनासा होतो.

तिथे 'फिनेस' आली. शब्दाचा अर्थ नजाकत. आमिष बोटाएवढे, वजन तीन-चार ग्रॅम, दोरी केसासारखी, आणि हालचाल जवळपास नाहीच. कॅन्ससच्या नेड केडी यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली 'नेड रिग' म्हणजे आळंब्याच्या आकाराच्या शिशाच्या डोक्याला लावलेला तीनेक इंचांचा मऊ रबरी तुकडा. तो तळाशी जाऊन नुसता उभा राहतो. दुसरी 'ड्रॉप शॉट', जपानी गळवाल्यांनी नावारूपाला आणलेली: शिसे दोरीच्या टोकाला, आणि गळ त्याच्या वर वीतभर, म्हणजे आमिष तळापासून उचललेले राहून जागच्या जागी थरथरते. नानांनी ते पाहिले आणि म्हणाले, "ह्यात नवीन काय? शिसा खाली नि गरी वर, असा आम्ही पयल्यापासून बांधतों."

आमच्याकडे या नजाकतीला आणखी एक कारण आहे. आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. तासाभरात लेक सेंट क्लेअर लागते. सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे, पण सरासरी जेमतेम साडेतीन मीटर खोल, पलीकडचा काठ कॅनडाचा. १९८८ साली याच तळ्यात झेब्रा शिंपले पहिल्यांदा आढळले. परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून ते आले. हे नखाएवढे शिंपले दिवसरात्र पाणी गाळत असतात. पाणी काचेसारखे झाले, पाणवनस्पतींना ऊन पोचले, स्मॉलमाउथला नजर लांबवर पुरू लागली. स्वच्छ पाण्यात जाड दोरी दिसते. म्हणून बारीक दोरी. आणि बारीक दोरी, हलके आमिष म्हटले, की ते फेकायला वेगळी काठी.

आता काठी. जड आमिष त्याच्या वजनाने रीळ फिरवून दोरी ओढून नेते. तीन ग्रॅमच्या आमिषात ते बळ नसते. त्यासाठी असे रीळ हवे जे स्वतः फिरत नाही. दोरी त्याच्या तोंडावरून नुसती सुटत जाते. ही युक्ती गिरणीतली आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली असे रीळ नोंदवले. सूत बॉबिनच्या टोकावरून सुटते तशी दोरी सोडायची. गिरणगावात वाढलेल्या कोणालाही हे दोन मिनिटांत समजेल. या रिळासाठी असते ती 'स्पिनिंग रॉड'. रीळ काठीच्या खाली लटकते, कड्याही खालच्या बाजूला, आणि पहिली कडी मोठी असते. कारण दोरी वेटोळी घेत सुटते, ती हळूहळू लहान होत जाणाऱ्या कड्यांतून सरळ करत न्यावी लागते.

काठीच्या इतिहासात आपलाही एक कोपरा आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तम काठ्या बांबूच्या चिरफळ्या जोडून करत, आणि तो बांबू कलकत्त्याहून जाई. 'कॅलकटा केन' हेच त्याचे नाव. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला, आणि १९७० च्या दशकात विमानांसाठी घडवलेला कार्बनतंतू, ज्याला इथे ग्राफाइट म्हणतात. आजची मधल्या किमतीची बहुतेक काठी याची.

बोटाची लांबी

दुकानात गेल्यावर काठीच्या बुंध्याशी बारीक अक्षरांत लिहिलेले पहिल्यांदा वाचावे. किंमत नंतर. तिथे लांबी, ताकद, वाक, दोरीची आणि आमिषाची मर्यादा असते. ताकद आणि वाक या दोन गोष्टींत निम्मे लोक घोटाळा करतात. ताकद म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. वाक म्हणजे ती कुठून वाकते. 'फास्ट' म्हणजे फक्त शेंड्याकडचा भाग वाकतो, खालचा ताठ राहतो. 'मॉडरेट' निम्म्यापर्यंत वाकते. फिनेससाठी बहुतेक जाणते 'मिडियम-लाइट' ताकद आणि 'फास्ट' वाक सांगतात. मऊ शेंड्याने हलके आमिष फेकले जाते, आणि मासा लागल्यावर खालचा ताठ भाग कामाला येतो. लांबी पावणेसात ते सात फूट. आखूड काठीने फेक कमी जाते. फार लांब तेरा वर्षांच्या मनगटाला जड. आमिषाची मर्यादा साधारण साडेतीन ते दहा ग्रॅम असावी. नेड रिगच करायची असेल तर खालचा आकडा आणखी कमी बघावा. वरचा आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नये.

त्यानंतर संवेदना. याच शब्दावर कारखानदार पैसे उकळतात, आणि खरे सांगायचे तर यातच काठीचे मर्म आहे. फिनेसमध्ये मासा हिसका देत नाही. आमिष तोंडात घेतो आणि उभा राहतो. दोरी जरा जड लागते, किंवा एकदम हलकी. तळाशी चिखल आहे, खडी आहे की शिंपले, हेही हातालाच कळायला हवे. चिरंजीव दुकानदाराचे हे प्रवचन भक्तिभावाने ऐकत होते. नाना मागून म्हणाले, "अरे, म्हणजे बोटच ना?" दुकानदाराला मी भाषांतर करून सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "बरोबर आहे, पण बोट शंभर फूट फेकता येत नाही." मला वाटते, काठीची इतकी नेमकी व्याख्या कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही. काठी म्हणजे फेकता येणारे बोट.

हे बोट हलके आणि ताठ तंतूने जास्त बोलके होते. तंतूच्या ताठपणाला 'मॉड्युलस' म्हणतात, आणि काठीवर '३० टन', 'आयएम सेव्हन' अशी बिरुदे मिरवतात. आकडा चढला म्हणजे काठी चांगली, असे मात्र नाही. ताठ तंतूची नळी पातळ करता येते, म्हणून हलकी. पण पातळ म्हणूनच ठेच सोसत नाही. होडीच्या कडेवर आपटलेली महाग काठी पुढच्या माशाला मोडते आणि मालक कारखान्याला दोष देतो. मुलाच्या हातात द्यायची तर मधला आकडा आणि चांगली हमी, हे माझे मत. हमीपत्रातली एक ओळ जरूर वाचावी: मोडल्यास बदली काठीसाठी किती पैसे भरायचे? कुठे कुठे ती रक्कम निम्म्या किमतीच्या घरात जाते.

पैसे नक्की कुठे जातात, हे समजायला मी तीन काठ्या शेजारी मांडून घेतल्या: चाळीस डॉलरची, सव्वाशेची आणि तीनशेची. पहिल्या दोघींतला फरक मला, म्हणजे आयुष्यात स्पिनिंग रॉड न धरलेल्या बाईला, डोळे मिटून कळला. स्वस्त काठीचा शेंडा जड. हलवून थांबवली तरी टोक लोंबकळत, डुलत राहते. सव्वाशेची हलवली की लगेच स्थिर. दुसरी आणि तिसरीतला फरक मला कळला नाही, चिरंजीवांना 'कळला' असे ते म्हणाले, आणि दुकानदार प्रामाणिक असल्यामुळे म्हणाला, की आणखी दोन वर्षांनी खरोखर कळेल. तेव्हा मधल्या किमतीचा अर्थ माझ्यापुरता ठरला. जिथे पैसा हाताला लागतो तिथपर्यंत द्यावा. जिथून तो फक्त डोळ्यांना दिसतो, तिथे थांबावे.

बाकीची तपासणी भाजी निवडण्यासारखी. काठी डोळ्याला लावून पाहावी, कड्या एका रेषेत आहेत ना. कान साफ करायच्या काडीचा कापूस प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा; तंतू अडकला तर तिथे चीर आहे, तीच पुढे दोरी कापणार. कड्यांच्या संख्येसाठी जुना हिशेब असा, की काठी जितके फूट त्याहून निदान एक जास्त. मूठ कॉर्कची असेल तर त्यात भरलेली लांबी किती ते नखाने टोकरून बघावे. आणि आपले रीळ घरून न्यावे. ते लावून काठी एका बोटावर तोलली, की पहिल्या कडीच्या मागे, मुठीजवळ तोल सापडला पाहिजे. नुसत्या काठीचे वजन विचारणारे पुष्कळ, तोल पाहणारे थोडे. दिवसभरात चारशे वेळा फेकणाऱ्या मनगटाला वजनापेक्षा तोलच जाणवतो.

एक धोक्याची सूचना आयांसाठी. कार्बनतंतूतून वीज जाते. ढग गडगडले की काठी खाली ठेवून मुलाने किनारा सोडायचा, आणि विजेच्या तारांखाली काठी उभी धरायची नाही. हे काठीवर लिहिलेले असते, पण मुले ते वाचत नाहीत.

खायचा नाही, तर धरायचा कशाला?

काठीचे ठरत आले, तेव्हा नानांनी खरा प्रश्न काढला. चिरंजीवांनी धरलेला दीड किलोचा बास पाण्यात सोडलेला त्यांनी पाहिला होता. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. जेवताना नातवाला म्हणाले, "खावचो नाय, तर धरतंस कित्याक? त्येका नुसतो त्रास." ह्यांना वाटले होते, सोडण्यात अहिंसा आहे. नानांच्या लेखी ती चेष्टा होती. भुकेसाठी मारणे त्यांना समजते; खेळासाठी छळणे समजत नाही. जन्मभर मासे मारलेला माणूस हे म्हणत होता, आणि न मारणाऱ्या दोघांकडे उत्तर नव्हते.

माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. पण हा प्रश्न काठीच्या निवडीपर्यंत जाऊन पोचतो, हे मला त्या रात्री लक्षात आले. काठी फार मऊ, दोरी फार बारीक असली, की मासा ओढून आणायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो झुंजतो, थकतो. पाणी गरम असेल तर सोडल्यावर तरत नाही. 'नाजूक काठीवर मोठा मासा खेळवण्याची मजा' असे जे कौतुकाने म्हणतात, त्याची किंमत मासा मोजतो. म्हणून फिनेसची काठी निवडतानाही कणा असलेली घ्यावी, 'अल्ट्रा-लाइट'च्या मोहात पडू नये. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे गळ चटकन सुटतो. चाहूल वेळीच लागली तर गळ ओठात बसतो, उशिरा लागली तर घशात, आणि घशात गेलेल्या गळाने मासे जास्त मरतात. संवेदनशील काठीवर चार पैसे जास्त घालण्याचे मला पटलेले कारण हेच.

वसंतातली आणखी एक गोष्ट. बासची मादी अंडी घालून जाते, राखण नर करतो. त्याला घरट्यावरून काही मिनिटे उचलले, तरी लहान मासे येऊन अंडी फस्त करतात. सोडलेला नर परत येतो तो कधी कधी रिकाम्या घरट्यावर. कायद्याने त्या दिवसांत धरून लगेच सोडायला मिशिगनमध्ये मुभा आहे. आमच्या घरात नाही. हा नियम नानांनी केला आणि नातवाने कुरकुर न करता मानला. शिंपल्यांवर, खडकांवर दुसरे मासे असतातच की.

उरला खाण्याचा मुद्दा. राज्याच्या आरोग्य खात्याची मासे खाण्याविषयी पुस्तिका असते. कोणत्या पाण्यातला कोणता मासा महिन्यात किती वेळा खावा, हे त्यात दिलेले असते. मोठ्या, जुन्या बासमध्ये पारा साठतो, म्हणून मोठा सोडायचा. पुस्तिका बघून, कायद्याच्या मापात बसणारा एखादा मध्यम मासा आता अधूनमधून घरी येतो. आगळ, हळद, तिखट, वर रवा. ह्यांच्यासाठी त्या दिवशी अंगणातली शेगडी आणि वेगळा तवा. मांस पांढरे, घट्ट, पण समुद्राची चव नाही ती नाहीच. नाना दोन तुकडे खाऊन म्हणाले, "ठीक आसा." मालवणी माणसाकडून गोड्या पाण्यातल्या माशाला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळणार नाही.

शेवटी घेतली ती काठी पावणेसात फुटी, मिडियम-लाइट, फास्ट, सव्वाशे डॉलरला थोडे कमी. कारखान्याचे नाव लिहीत नाही; त्याच किमतीत तितक्याच चांगल्या आणखी चार मिळतील. उरलेल्या पैशांत विणलेली दहा पौंडी दोरी आली, जी जाडीला जेमतेम दोन पौंडी तंगुसाएवढी असते, आणि तिच्या टोकाला बांधायला सहा पौंडी फ्लुरोकार्बन. तो पाण्यात फारसा दिसत नाही आणि शिंपल्यांवर घासला तरी तग धरतो. दोन्ही जोडायची गाठ चिरंजीव एका चित्रावरून शिकत होते. नानांनी काठी मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि स्वतःची गाठ मारून दिली. ती अजून सुटलेली नाही.

दुकानदाराने निघताना एकच गोष्ट बजावली. काठ्या माशाने फार थोड्या मोडतात. मोडतात त्या मोटारीच्या दारात आणि छताच्या पंख्यात. म्हणून ती दोन खिळ्यांवर, आडवी, गॅरेजच्या भिंतीला टांगलेली असते. मुलाने ती कधी घरात आणलीच, तर आधी पंखा बंद करायचा.